रोज सकाळी वेगळेच कॉम्प्युटर नेटवर्कबाहेर – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सांगलीत आमचं छोटं करसल्लागार ऑफिस आहे. ११ कॉम्प्युटर, त्यातल्या एकावर टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) सगळा डेटा. गेल्या आठवड्यात रात्री विजा कडाडल्या आणि आतल्या खोलीतला नेटवर्क स्विच (कॉम्प्युटरांच्या केबली एकत्र जोडणारा डबा) गेला. कपाटात जुना वायफाय राउटर होता, तोच स्विचच्या जागी लावला. दोन दिवस ठीक चाललं. आता रोज सकाळी तीन-चार कॉम्प्युटरांवर ना नेट चालतं, ना टॅली उघडतं, ना प्रिंट निघते. बरं, रोज तेच बंद पडतात असंही नाही! काल तर बाहेरच्या खोलीतला एक गेला. त्याची केबल त्या राउटरला जातही नाही.

केबली बदलल्या, जॅक नव्याने क्रिम्प करून घेतले. पोर्टचे दिवे नीट लुकलुकतात. ब्रॉडबँडचा माणूस लाइन तपासून "आमच्याकडून ओके" म्हणून गेला. २० तारखेच्या आत सगळ्या अशिलांचे जीएसटीआर-३बी (जीएसटीची विवरणपत्रं) भरायचेत, झोप उडाली आहे. कुठून बघू?

प्रतिसाद: ताई, एका बंद आणि एका चालू कॉम्प्युटरवर आयपीकॉन्फिग कमांड द्या (त्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता दिसतो) आणि आकडे इथे टाका. १६९.२५४ ने सुरुवात असेल तर पत्ताच मिळत नाहीये, मग केबल आणि पोर्टकडे बघू.

धागाकर्ती: चालू: १९२.१६८.१.२३. बंद: १९२.१६८.०.१०४, गेटवे १९२.१६८.०.१.

प्रतिसाद: सापडलं. बंद कॉम्प्युटरचा गेटवे, म्हणजे नेटकडे जायचा रस्ता, जुन्या राउटरकडे जातोय, तिथे नेटच नाही. जुन्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटणं, चालू राहिलंय. कॉम्प्युटर सुरू होताना पत्ता मागतो, ती हाक दोन्ही राउटरांना ऐकू जाते आणि बहुधा ज्याचं उत्तर आधी येतं त्याचाच पत्ता बसतो. म्हणून रोज वेगळे कॉम्प्युटर, म्हणूनच बाहेरच्या खोलीतलाही.

बाकी केबली काढून फक्त एक लॅपटॉप जुन्या राउटरला जोडा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा, डीएचसीपी बंद करा, वायफायही बंद करा. मग त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२५० करा, मुख्य राउटर तो नंबर वाटत नाही ना, तेवढं आधी बघा. केबली लॅन पोर्टातच लावा, वॅन (बाहेरच्या इंटरनेट लाइनचा पोर्ट) रिकामा ठेवा. पण ही तात्पुरती सोय. जुन्या राउटरांचे पोर्ट बहुतेक १०० एमबीपीएसचे असतात, टॅली रेंगाळेल. गिगाबिट स्विच घ्याच आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

धागाकर्ती: केलं! दहा कॉम्प्युटर आले, टॅली उघडलं. मनापासून आभार. एक मात्र अजून ०.१०७ च दाखवतोय.

प्रतिसाद: त्याच्याकडे जुनाच पत्ता राहिलाय. आयपीकॉन्फिग रिलीज, मग रिन्यू.