कॉकपिटमधला डिस्प्ले उन्हात वाचता येत नाही: निट्स (पडद्याची चमक) वाढवू की चकाकी कमी करू?

नमस्कार मंडळी,

दोन आसनी छोट्या विमानाचं पॅनेल नव्याने मांडायला घेतलंय, पण डिस्प्लेपाशी गाडी अडली आहे. कॅनपी, म्हणजे डोक्यावरचं छत, पूर्ण पारदर्शक आहे, त्यामुळे पॅनेलवरच्या ग्लेअरशील्डचा (ऊन अडवणाऱ्या पट्टीचा) फारसा उपयोग होत नाही. सूर्य पाठीशी आला की ऊन खांद्यावरून थेट पडद्यावर पडतं. मग वेग आणि उंचीचे आकडे गायब होतात आणि दिसतो फक्त माझा पांढरा शर्ट!

सध्याचा एलसीडी 1000 निट्सचा आहे. त्याच्यापुढे टचची काच, आणि दोन्हींच्या मधे हवेची फट. ज्याला विचारावं तो "1500 निट्सचा घ्या" म्हणतो. मला ते पटत नाही. भर दुपारचं थेट ऊन साधारण 1 लाख लक्स (पडणाऱ्या प्रकाशाचं माप). पडद्याने त्यातला 2 टक्के प्रकाश जरी विखरून परत फेकला, तरी काळा भागच सुमारे 640 निट्सने चमकतो (लक्स गुणिले परावर्तन, भागिले π, म्हणजे 3.14). म्हणजे पांढरा 1640, काळा 640, कॉन्ट्रास्ट अडीचपट. 1500 चा पडदा घेतला तर तो सव्वातीनपटीच्या थोडा वर जातो. उलट पडदा हाच ठेवून परावर्तन अर्ध्या टक्क्यावर आणलं, तर सातपटीच्या पुढे! शिवाय जास्त निट्स म्हणजे जास्त उष्णता, आणि बंद कॅनपीखाली ती आधीच भरपूर असते.

तर विचारायचं असं, की ऑप्टिकल बाँडिंग (काच आणि पडद्यामधली फट पारदर्शक चिकट थराने भरणं) करून घ्यावं, की मॅट फिल्म लावून भागेल? रात्री हाच पडदा पार 1 निटच्या खाली मंद व्हायला हवा, नाहीतर बाहेरचं काही दिसणार नाही. ग्लायडरवाले कोबो ई-रीडरच्या ई-पेपरवर एक्ससीसोअर हे उड्डाणाचं नकाशा-ॲप चालवतात हे माहीत आहे. नकाशाला ते झकास, पण कृत्रिम क्षितिजाला (विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या उपकरणाला) इतका संथ पडदा कसा चालेल?

प्रतिसाद:

हिशेब बरोबर आहे, पण तो विखुरलेल्या प्रकाशाचा. शर्ट दिसतो ते आरशासारखं परावर्तन, त्याचं गणित निराळं. उन्हातला पांढरा शर्ट स्वतःच 25,000 निट्सच्या घरात असतो. काचेचा एक पृष्ठभाग त्यातले 4 टक्के परत पाठवतो, म्हणजे 1000 निट्स. तुमच्या पडद्याइतकेच! हवेच्या फटीमुळे असे आणखी दोन पृष्ठभाग वाढतात. बाँडिंगने ते दोन्ही जवळजवळ नाहीसे होतात, आणि बाहेरच्या काचेवर परावर्तनरोधक लेप दिला की उरलेला पहिलाही अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. मॅट फिल्म मात्र लावू नका. ती शर्ट पुसट करते, पण थेट ऊन पडलं की सगळा पडदा दुधाळ दिसतो.

बाँडिंग घरी करू नका, एक बुडबुडा राहिला तरी पडदा वाया. आणि ऑर्डर देण्याआधी पोलराइज्ड गॉगल लावून पडदा आडवा, उभा, तिरका असा फिरवून बघा. काही एलसीडी एका कोनात ठार काळे पडतात. तोवर गडद शर्ट घाला, खरंच फरक पडतो.

धागाकर्ता:

धन्यवाद! शर्टाचा आकडा डोक्यातच आला नव्हता. लेप आणि बाँडिंग एकाच ठिकाणी करून घ्यावं का? आणि लेपाच्या काचेवर बोटांचे डाग जास्त उठून दिसतात म्हणे, टचऐवजी कडेला बटणं बरी पडतील का?