शब्दचर्चा: 'वारसा भाषा' की आणखी काही?

रविवारची बाई:
न्यू जर्सीत दर रविवारी दोन तास मराठी शिकवते. यंदा चार नवे शिक्षक आलेत, सगळे स्वयंसेवक. त्यातला एक तर दंतवैद्य. त्यांच्यासाठी चार पानी टिपण लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत अडकले. 'हेरिटेज लर्नर'ला मराठीत काय म्हणायचं? म्हणजे ज्याच्या घरात मराठी आहे, कळतं बरंचसं, पण उत्तर इंग्रजीत येतं, असं मूल. मी 'वारसा भाषा शिकणारे' लिहिलं, तर सहकारी म्हणाले पुरातत्त्व खात्याचं पत्रक वाटतं. 'मातृभाषा' चालत नाही, वर्गातल्या दोघांच्या आया तेलुगू आहेत. आणि वेगळा शब्द तर हवाच. आमच्याकडे एक अमेरिकन सून येते. तिने दोन महिन्यांत बाराखडी घोटली, पण 'पसारा आवर' तिला कळत नाही. शेजारच्या बाकावरच्या नऊ वर्षांच्या पोराला 'पसारा आवर' जन्मापासून कळतं, पण 'प' काढता येत नाही. दोघांना एकच धडा कसा द्यायचा, हे नव्या शिक्षकांना सांगायचंय.

कोशकिडा:
आधी व्याकरण. घसा–घशाचा, पैसा–पैशाचा, तसं वारसा–वारशाचा. म्हणजे 'वारशाची भाषा'. लोक सर्रास 'वारसाची भाषा' लिहितात, त्याचा अर्थ वारस असलेल्या माणसाची भाषा.

रविवारची बाई:
अहो, मग चुकून तेच बरोबर झालं की! मुलं वारसच आहेत.

तलाठ्याचा मुलगा:
आमचे वडील तलाठी होते. ओसरीवर रोज कुणीतरी वारसनोंदीसाठी बसलेलं असायचं आणि वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मृत्यूचा दाखला आणलाय?" माणूस गेल्याशिवाय फेरफार होत नाही. आजी रोज व्हिडिओ कॉलवर बोलते आहे आणि तिच्या भाषेला आपण वारसा म्हणतोय? आधी २०२४ साली अभिजात केली, आता ही वारसनोंद.

शुद्धमती:
शिवाय 'वारस' अरबी, फारसीमार्गे आलेला. मराठी शिकवायच्या टिपणात पहिलाच शब्द उसना कशाला? 'रिक्थ' आहे, 'दाय' आहे. 'रिक्थभाषा' म्हणा. सावरकरांनी 'दिनांक' दिला तेव्हाही लोक हसलेच होते.

तलाठ्याचा मुलगा:
मी तीनदा 'रिक्तभाषा' वाचलं. आणि 'दाय' म्हटलं की दायाद आणि भाऊबंदकीच आठवते. दिनांक अर्जावर असतो, कोर्टात अजून तारीखच पडते.

टोरांटोची आत्या:
हा घोळ इंग्रजीतही झालाय. ओंटारियो सरकारने १९७७ साली 'हेरिटेज लँग्वेजेस' नावाने वर्ग सुरू केले, पुढे तेच 'इंटरनॅशनल लँग्वेजेस' झाले. ऑस्ट्रेलियात 'कम्युनिटी लँग्वेज' म्हणतात. तेव्हा बाई, मनाला लावून घेऊ नका.
माझं मत 'घरभाषा'ला. पण घरातली भाषासुद्धा किती कळते हा प्रश्नच आहे. भाचा सात वर्षांचा असताना मी स्वयंपाकघरातून ओरडले, "चला, पानं वाढली!" हा खिडकीपाशी जाऊन मेपलकडे बघत उभा.

संत्रानगरी:
घरभाषा म्हणताय, पण कुणाचं घर? माझ्या मुलाने अशाच एका शाळेत निबंधात लिहिलं, "आई स्वयंपाक करून राहिली आहे." बाईंनी लाल पेनने खोडून 'करत आहे' केलं. पोरगं घरी येऊन म्हणतं, "बाबा, आपलं मराठी राँग आहे का?" नागपुरात आम्ही सगळे असंच बोलून राहिलो. त्या दिवसापासून तो माझ्याशी इंग्रजीत बोलतो.

शुद्धमती:
परीक्षेत प्रमाण मराठीच लागते. शिक्षिकेने काय करायचं?

संत्रानगरी:
प्रमाण शिकवा ना, कोण नाही म्हणतं. खोडू नका एवढंच.

रविवारची बाई:
त्या बाई मी नाही, पण हे पाप मीही केलंय. आता वहीच्या समासात दुसरं रूप लिहिते आणि वर 'शाळेत असं' एवढंच. 'मी आंबा खाल्लो'वर मात्र खूण करते, कारण ते मूल इंग्रजीवरून रचतंय, ते घरचं नाही. पण नव्या शिक्षकाला हा फरक कळायला त्याने चार गावचं मराठी ऐकलेलं हवं. आमचा दंतवैद्य पक्का पुणेकर. त्याला सगळीच कीड दिसते.

कोशकिडा:
सावध राहा. 'मी पाणी पिलो' इंग्रजीवरून येत नाही, ते मी सोलापूरकडे मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय.

रविवारची बाई:
घ्या! तेही खोडलंय मी.
असो. शब्दाचं काय? मला 'कानावरची भाषा' सुचतंय. कानाने आली, अजून हातात यायची आहे.

शुद्धमती:
'श्रुतभाषा' म्हणा मग.

तलाठ्याचा मुलगा:
देवा.

टोरांटोची आत्या:
'कानावरची' छान आहे, पण 'कानावर आलंय' म्हणजे आमच्याकडे उडती बातमी. मुलांना नुसतं 'मराठी वारसदार' म्हटलं तर?

कोशकिडा:
वारस म्हणजेच हक्क सांगणारा, त्यात पुन्हा 'दार'? पिवळा पीतांबर झाला.

तलाठ्याचा मुलगा:
सातबाऱ्याच्या अर्जांवर हजार वेळा वाचलाय मी 'वारसदार'. हजार अर्ज चुकीचे?

रविवारची बाई:
टिपण उद्या छापायचंय हो. तात्पुरतं 'घरी मराठी ऐकणारी मुलं' लिहिते आणि पुढे जाते.

शुद्धमती:
ही व्याख्या झाली, संज्ञा नव्हे.
आणि कोशकिडे, ठाणं धारण करणारा ठाणेदार, तसा वारसा धारण करणारा वारसदार. पीतांबर कसला?

कोशकिडा:
मग 'वारसादार' व्हायला हवा होता. 'आ' गेला कुठे?