मदत हवी आहे : आइसलँडची बोटीने प्रदक्षिणा, सोबत आई

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये रेक्याविकहून छोट्या एक्सपिडिशन क्रूझने आइसलँडभोवती फिरायचा बेत आहे. ग्रिम्से, अकुरेरी, हुसाविकचे देवमासे, सगळं यादीत आहे, पण मला खरी ओढ हेमाए बेटाची. तिथे जानेवारी 1973 मध्ये रातोरात जमीन फाटली, लाव्हा बंदराकडे सरकू लागला आणि लोकांनी समुद्राचंच पाणी पंपांनी मारून तो थोपवला. त्या उद्रेकातून उभा राहिलेला एल्डफेल डोंगर मला चढायचाच आहे. (शेजारच्या सुर्त्से बेटावर शास्त्रज्ञांशिवाय कुणाला उतरू देत नाहीत. बरंच आहे.)

अडचण आईची. सत्तरी ओलांडलीय, गुडघे कुरकुरतात. धक्का नसेल तिथे झोडियाक म्हणजे हवा भरलेल्या रबरी बोटीत उतरायचं आणि किनाऱ्याशी गमबूट घालून थेट पाण्यात पाय टाकायचा. ज्येष्ठांना घेऊन कुणी हे केलंय का? एजंट म्हणतो, खलाशी हाताला धरून उतरवतात. एजंट काय, सगळंच म्हणतो! शिवाय तिला आंबेनळी घाटातही गाडी लागते. तिकडच्या समुद्रात बोट किती हलते? पफिन पक्षी ऑगस्टमध्ये निघून जातात, म्हणून जुलै सोडवत नाही.

आणखी एक. दुसऱ्या एका सहलीत ग्रीनलँडही आहे. ते शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपीय देशांचा गट, आइसलँड त्यात आहे) येत नाही, म्हणजे परतताना पुन्हा प्रवेश, म्हणून मल्टिपल एन्ट्री व्हिसा हवा. पहिल्याच अर्जात तो कुणाला मिळालाय का? कागदपत्रं काय जोडली होती?