'लिव्हिंग विल'ला मराठीत काय म्हणायचं?

कोथरूडची लेक:
आईला (वय ७८) लिव्हिंग विल करायचंय, म्हणजे स्वतः बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचंय, आणि मजकूर मराठीतच हवा असा तिचा हट्ट. मी वर 'जिवंत मृत्युपत्र' असं लिहिलं. आईने चष्मा कपाळावर चढवला नि म्हणाली, "हा काय भुताशी करार आहे?" वर्तमानपत्रांत 'इच्छापत्र' दिसतं, 'इच्छामरणपत्र'ही वाचलंय. काय लिहू?

जुना नोटरी:
ताई, नुसतं 'इच्छापत्र' नको. हा शब्द टेबलावर आला की समोरचा विचारणार, फ्लॅट कुणाच्या नावे? दोन साक्षीदार दोन्हींकडे लागतात, साम्य तेवढंच. मृत्युपत्र तेराव्यानंतर कपाटातून निघालं तरी चालतं. हे कपाटात राहिलं तर फुकट, कारण माणूस आहे पण बोलू शकत नाही, त्या काळासाठीच ते असतं. म्हणून एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे आणि एक महापालिकेने, नगरपालिकेने किंवा ग्रामपंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ला मान्यता दिली, तेव्हा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागायची. एवढ्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार! जानेवारी २०२३मध्ये ती अट गेली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. निकालातला शब्द 'अॅडव्हान्स मेडिकल डायरेक्टिव्ह', म्हणून मी 'वैद्यकीय पूर्वनिर्देश' लिहितो.

शब्दांचा भाता:
नोटरीकाका, 'पूर्वनिर्दिष्ट' म्हणजे मराठीत 'आधी उल्लेख केलेला'. 'पूर्वनिर्देश' वाचून माणूस आधीचं पान उलटून बघेल. मला 'वैद्यकीय इच्छापत्र' बरं वाटतं. विशेषण लागलं की फ्लॅट आपोआप बाहेर.

'इच्छामरण' मात्र अजिबात नको. ते भीष्मांचं, उत्तरायण लागेपर्यंत थांबले, वेळ स्वतः निवडली. इथे वेळ कुणी निवडत नाही, कोणते उपचार नकोत एवढंच सांगतो. 'दयामरण'ही वेगळं, कारण त्यात दया दुसऱ्याची असते. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या वेळी तो शब्द फार चालला. १९७३च्या हल्ल्यानंतर २०१५मध्ये मृत्यू होईपर्यंत त्या जवळजवळ अचेतन अवस्थेत तिथेच होत्या. २०११मध्ये त्यांचं अन्न थांबवण्याची मागणी न्यायालयाने फेटाळली. त्यांना सांभाळणाऱ्या परिचारिकांचाही विरोध होता. अरुणा यांना स्वतःला काय हवं होतं, हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. ती रिकामी जागा भरणारा कागद तो हा, म्हणून 'इच्छा' हा शब्द मी सोडणार नाही.

आयसीयूतली सिस्टर:
मथळ्यापेक्षा आतला मजकूर जपा. 'उपचार नकोत' असं मोघम लिहू नका. नातेवाईकांना वाटतं, आता सगळंच बंद. तसं नसतं. वेदनेचं औषध, तोंड ओलं करणं, कूस बदलणं चालूच राहतं. आजार बरा होण्यातला नसेल तर 'कृत्रिम जीवरक्षक उपचार' नकोत, असं लिहा आणि पुढे नावं घाला: व्हेंटिलेटर, डायलिसिस, नाकातून नळी. घरची माणसं "नळ्या नकोत" म्हणतात ना, तेही तसंच लिहिलंत तरी मला कळेल. त्यावर पुढे तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं बघतात. कागद दाखवला नि मशीन काढलं, असं होत नाही.

कोथरूडची लेक:
'वैद्यकीय इच्छापत्र' ठरलं, आईलाही पटलं. पण आईऐवजी डॉक्टरांशी बोलणाऱ्या 'गार्डियन'ला 'पालक' लिहिलं तर ती विचारते, "मी शाळेत आहे का?" 'मुखत्यार' चालेल?

जुना नोटरी:
नको. मुखत्यारपत्र देणाऱ्याची शुद्ध हरपली की कायद्याने ते संपतं, आणि यातलं काम तर तिथूनच सुरू होतं. सरळ 'माझ्या वतीने निर्णय घेणारे' लिहा. एकाहून जास्त नावं घालता येतात.

कोथरूडची लेक:
आईला विचारलं, नाव माझं की भावाचं? म्हणाली, "दोघांची घाल, पण आधी तुझं. तो नुसता रडत बसेल."