तीन हजारांच्या आतला मेकॅनिकल कीबोर्ड: घ्यावा की नाही?

बोटभर (धागाकर्ता)

काल दुसऱ्या एका चर्चेत 'लोखंडी पंजा' यांनी ठणकावून सांगितलं: "मेकॅनिकल घ्यायचा तर आठ हजारांच्या वरचा घ्या. तीन हजारांच्या आतला म्हणजे रंगीत दिव्यांचा डबा. परवडत नसेल तर पाचशेचा मेम्ब्रेन घ्या आणि गप्प बसा." ते वाचून प्रश्न विचारणाऱ्या कॉलेजच्या पोराने "मग राहू दे" म्हणत विषयच सोडला. त्याच्यासाठी हे लिहितोय, आणि रागानेच लिहितोय. नवख्यांसाठी: मेकॅनिकल म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच, मेम्ब्रेन म्हणजे सगळ्या बटणांखाली एकच मऊ पडदा.

माझं दिवसभर मराठी भाषांतराचं टायपिंग आणि रात्री व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम एकाच कीबोर्डवर चालतं. तो तीन हजारांच्या आतलाच आहे.

"स्विच अस्सल चेरीचे नाहीत" हा पहिला आक्षेप. अहो, चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचचं मूळ पेटंट संपून दहा वर्षं होऊन गेली. तेव्हापासून गेटेरॉन, काइल, आउटेमू या कंपन्या त्याच घडणीचे स्विच उघडपणे बनवतात. चेरी रेड (लाल, सरळ खाली जाणारा स्विच) साधारण ४५ ग्रॅम दाबाला, २ मिलिमीटरवर लागतो, म्हणजे अक्षर उमटतं, आणि तळ ४ मिलिमीटरवर. स्वस्तातले लाल स्विचही याच मापाच्या आसपास असतात. फरक दुसरीकडे पडतो. दांडी जास्त डुगडुगते, दाबताना थोडं घासल्यासारखं लागतं, एखादा स्विच बाकीच्यांपेक्षा वेगळा निघतो. आठ हजारांत केस जड मिळते, आवाज दबका मिळतो, वायरलेस मिळतं. ज्याला हवं त्याने जरूर घ्यावं. पण न घेणाऱ्याला गप्प बसवू नये.

या किमतीत मी सगळ्यात आधी हॉट-स्वॅप बघतो. स्विच उपसून बदलता आला पाहिजे. एक स्विच गेला तर वीस-पंचवीस रुपयांत काम भागतं, सोल्डरवाल्यात डिसोल्डर करणारा माणूस शोधत फिरा. मात्र सॉकेट कुठलं ते विचारून घ्या. काही स्वस्त बोर्डांची भोकं आउटेमूच्या बारीक पिनांपुरतीच असतात, गेटेरॉन त्यात शिरतच नाही. मग कीकॅप, म्हणजे बटणांवरच्या टोप्या. पीबीटी प्लॅस्टिकच्या मिळाल्या तर उत्तम, एबीएस प्लॅस्टिकवर काही महिन्यांत तुकतुकी येते. दिवे शेवटी.

दुकानात एक चाचणी करून बघा. डाव्या-उजव्या दोन्ही शिफ्ट दाबून धरा आणि 'द क्विक ब्राउन फॉक्स'वालं इंग्रजी वाक्य टाइप करा. बऱ्याच मेम्ब्रेनमध्ये अधली-मधली अक्षरं गायब होतात, कारण बटणांच्या तारांच्या जाळीत काही बटणं एकत्र वाचताच येत नाहीत. प्रत्येक बटणाला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेल्या बोर्डात सगळी उमटतात. धावत, वाकत, उडी मारत गोळी झाडताना हेच कामाला येतं.

लोखंडी पंजा

माझं वाक्य अर्धवट उचललंत. त्याच्या आधी मी कारण दिलं होतं, ते इथे पुन्हा देतो.

मी चिपळूणला राहतो. एका कंपनीचा (नाव घेत नाही) स्वस्तातला मेकॅनिकल घेतला होता. पहिला पावसाळा निघाला आणि बटणं डबल वाजायला लागली. एकदा दाबलं की दोनदा उमटायचं. पत्ता लिहिताना पिनकोडमध्ये दोन शून्यं जास्त गेली आणि पार्सल परत आलं. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "ओलाव्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही." कोकणात राहणाऱ्याने ओलावा टाळायचा कसा, ते त्याने सांगितलं नाही. पोराने पुन्हा पुन्हा पैसे घालवण्यापेक्षा एकदाच नीट खर्च करावा, एवढंच माझं म्हणणं होतं.

पेटंट संपलं म्हणजे कारागिरी फुकट मिळाली, असं होत नाही.

बोटभर

डबल वाजणं हा धातूच्या पात्यांचा दोष आहे. पात्यावर मळ किंवा गंज बसला की एका दाबात संपर्क दोनदा होतो. तो महागड्या स्विचलाही होतो. तुमच्या बोर्डाला हॉट-स्वॅप असतं तर ते दोन-चार स्विच बदलून विषय संपला असता. तुमचा किस्सा माझ्याच मुद्द्याच्या बाजूने जातो.

रात्रपाळी

दोघेही जुन्या जमान्यात भांडताय. पात्यांचा संपर्कच नको असेल तर मॅग्नेटिक घ्या. आत चुंबक, खाली चुंबक किती जवळ आलं ते ओळखणारा हॉल सेन्सर, गंजायला पातंच नाही. वूटिंग कंपनीने हा प्रकार गेमिंगमध्ये गाजवला, आता चिनी बोर्ड तीन-चार हजारांच्या आसपास मिळायला लागलेत. बटण किती खोलीवर लागावं ते आपण ठरवायचं. रॅपिड ट्रिगर चालू केलं की बोट किंचित वर आलं तरी बटण सुटतं, साध्या स्विचसारखं ठरलेल्या उंचीपर्यंत यायची वाट बघावी लागत नाही. डावीकडे नेणारं ए सोडून उजवीकडचं डी टिचकवत जागेवर थांबायचं असतं तेव्हा फरक उघड कळतो.

आणि क्लिक वाजणारा ब्लू स्विच गेमिंगला कुणी सुचवू नका. तो खाली जाताना एका जागी लागतो आणि परत येताना त्याहून वरच्या जागी सुटतो. पटापट दोनदा दाबायला तो आडवाच येतो.

वन आरके

ब्लू कुणालाच सुचवू नका. एका खोलीत बाळ झोपवून रात्रपाळीचं काम करणारी माणसं आहेत जगात. माझ्या रूममेटच्या टकटकीवरून शेजारच्यांनी भिंत ठोकलीय.

टंकताई

ब्लूवर एवढा राग काढू नका. अमरावतीला आमची टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड वापरून बघा कधीतरी. चेरी ब्लूचाच आहे, रंगीत दिवा एकही नाही. औषधांच्या दुकानात, बँकेत, वकिलांकडे वर्षानुवर्षं तोच बडवला जातोय. मुलांना क्लिक ऐकू आला की बटण लागल्याचं कळतं, बोट तळापर्यंत आपटायची सवय सुटते. टंकयंत्रावर शिकलेल्या माणसाला तर तोच ठेका लागतो.

पण मला धागाकर्त्याला दुसरंच विचारायचंय. दिवसभर मराठी टाइप करता म्हणालात. कशात? इनस्क्रिप्ट (प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेलं बटण) की फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहून मराठी उमटवणं)? ते न सांगता कीबोर्डचा सल्ला अपुराच राहतो.

बोटभर

इनस्क्रिप्ट.

झटपट

यात इनस्क्रिप्टचा काय संबंध? फोनेटिकने लिहा की सरळ. विंडोज १० मध्ये २०१९ पासून आतच मिळतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. नवीन मुलांना पुन्हा कखगघची जागा पाठ करायला लावणं म्हणजे त्यांचा वेळ खाणं. इन्स्टिट्यूट चालवायच्या म्हणून इनस्क्रिप्ट जिवंत ठेवलाय.

टंकताई

शेवटचं वाक्य मागे घ्या. माझ्या क्लासला येणाऱ्या पोरींमध्ये निम्म्या शेतमजुरांच्या घरातल्या आहेत. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांच्या वेगाचं प्रमाणपत्र लागतं, त्यावर घर उभं राहतं. त्यांच्या मेहनतीला तुम्ही माझा धंदा म्हणताय.

आता मुद्दा. फोनेटिकमध्ये 'पाणी' लिहायला गेलं की आधी 'पानी' येतं. मग यादीत खाली जा, निवड, परत ये. 'नळ' म्हणावं तर 'नल'. डोळा मजकुरावर राहतच नाही. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. हात आपोआप आलटून-पालटून चालतात. १९८६ पासून आराखडा ठरलेला आहे, १९९१ ला भारतीय मानकात गेला. शिवाय क ज्या बटणावर आहे त्याच बटणावर गुजरातीचा आणि कन्नडचाही क आहे.

झटपट

कॅपिटल एन दाबला की ण, कॅपिटल एल दाबला की ळ. यादीत जावंच लागत नाही. वापरून न बघता बोलू नका.

टंकताई

म्हणजे शिफ्ट दाबायचीच ना? मग 'पाठ करावं लागत नाही' हा दावा कुठे राहिला? ण कशाने, ळ कशाने, दीर्घ ई कशाने, हे तुम्हीही पाठच केलंय. इंग्रजी स्पेलिंग डोक्यात जुळवून मराठी उमटवताय एवढाच फरक.

बोटभर

दोघेही थांबा, यातूनच खरेदीचा मुद्दा निघतो. माझ्या आधीच्या एबीएसवाल्या बोर्डावर कुठली बटणं आधी तुकतुकीत झाली, तर ए, एस आणि डी. गेममध्ये डावीकडे, मागे, उजवीकडे. आणि इनस्क्रिप्टमध्ये ए म्हणजे ओकार, एस म्हणजे एकार, डी म्हणजे पाय मोडायचं बटण. प्रत्येक जोडाक्षराला डी. 'महाराष्ट्र' या एका शब्दात डी दोनदा येतो. डब्ल्यूवरचं अक्षर त्या मानाने शाबूत होतं, कारण तिथे ऐकार आहे आणि तो कमी लागतो. दिवसा मराठी आणि रात्री गेम खेळणाऱ्याने पीबीटीसाठी दोन-चारशे रुपये जास्त मोजावेत, ते याच कारणाने.

दुसरं म्हणजे शिफ्ट. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ, वर ण, ळ, श. सगळी शिफ्ट धरून. व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला असल्याने डावी शिफ्ट दिवसभर राबते. स्वस्त बोर्डात सगळ्यात वाईट काय असतं, तर लांब बटणांखालचे स्टॅबिलायझर, म्हणजे बटण तिरकं होऊ न देणारी तार. स्पेसबार आणि शिफ्ट खडखडतात, एका टोकाला दाबलं की अडकतात. दुकानात गेलात तर दिव्यांचे पॅटर्न बघण्याआधी डाव्या शिफ्टचं बाहेरचं टोक करंगळीने दाबून बघा. तिरकी झाली तर तो बोर्ड ठेवून द्या. तारेला थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं की खडखड बरीच जाते, पण अडकणारी शिफ्ट सुधारत नाही.

म्युनिकवाला

शिफ्टवरून सांगतो. इकडे युरोपात मिळणाऱ्या बोर्डांत डावी शिफ्ट आखूड असते आणि तिच्या शेजारी एक जादा बटण घुसवलेलं असतं. इनस्क्रिप्टने लिहिताना माझी करंगळी त्याच बटणावर पडायची, ख च्या जागी क आणि मधे काहीतरी भलतंच. शेवटी भारतातून येणाऱ्या मित्राकडून लांब शिफ्टवाला मागवला. तिकडे नातेवाइकांकडून इकडचा बोर्ड मागवायची हौस असणाऱ्यांनी हे आधी बघा. जर्मन बोर्डावर झेड आणि वायची छापील अक्षरंही उलट असतात.

रात्रपाळी

धागा गेमिंगचा होता ना? मॅग्नेटिकवर कुणीच बोललं नाही.

बोटभर

बोलतो. रॅपिड ट्रिगर खेळायला उपयोगी आहे, हे मान्य. पण ०.२ मिलिमीटरवर लावलेल्या बोर्डावर मराठी लिहून बघा, बोट नुसतं टेकवलं तरी मात्रा उमटते. टायपिंगसाठी ते परत २ मिलिमीटरच्या आसपास आणावं लागतं, म्हणजे दोन प्रोफाइल, आणि स्वस्त बोर्डांची सॉफ्टवेअरं कशी असतात ते तुम्हाला माहीत आहे. स्विच बदलायचे तर तेही मॅग्नेटिकच लागतात, साधे चालत नाहीत. आणि हल्ली जाहिरातीत दोन उलट दिशांची बटणं एकत्र दाबली की आपोआप एक सोडणारी जी सोय मिरवतात, म्हणजे स्नॅप टॅप, ती गेम बनवणाऱ्या वाल्व्हने ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर बंद केली. त्या सोयीसाठी जादा पैसे मोजू नका.

रात्रपाळी

स्नॅप टॅप वेगळं, रॅपिड ट्रिगर वेगळं. रॅपिड ट्रिगरवर बंदी नाही. बाकी दोन प्रोफाइलचा त्रास आहे, तेवढं खरं.

लोखंडी पंजा

शिफ्टचा मुद्दा पटला. हॉट-स्वॅपवालाच घ्यायचा असेल तर तीन हजारांचाही चालेल, एवढी सूट देतो. पण कोकणात असाल तर पावसाळ्यात रात्री झाकून ठेवा, आणि बटणं डबल वाजायला लागली तर घरात पडलेला गंजाचा स्प्रे आत मारू नका. त्याचं तेल आत राहतं आणि धूळ धरतं. काँटॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो. "गप्प बसा" लिहायला नको होतं असं कुणी म्हणालं तर माझी हरकत नाही.

हॉस्टेल रूम ७

तो कॉलेजचा पोरगा मीच. बजेट अडीच हजार. रूममध्ये तिघं. रात्री व्हॅलोरंट, आणि यंदा मराठी ३० च्या परीक्षेला बसायचंय. साठ टक्केवाला छोटा बोर्ड घेऊ का? टेबल लहान आहे.

बोटभर

साठ टक्क्यांतही उजव्या कडेची, इनस्क्रिप्टच्या च, ट, ड ची बटणं असतात, टायपिंग अडत नाही. पण बाण आणि डिलीट नसतात, त्यासाठी एफएन धरावं लागतं. मजकूर तपासताना वैताग येईल. ८७ बटणांचा घे, त्यात नंबरपॅड नसतो, माऊसला जागा राहते. स्विच लाल किंवा ब्राउन (दाबताना हलका अडथळा लागणारा, पण क्लिक न वाजणारा), हॉट-स्वॅप, डावी शिफ्ट तपासून. वायरचा घे. अडीच हजारांत वायरलेस शोधायला गेलास तर बाकी कशावर तरी काट मारलेली असते.

टंकताई

ब्राउन घे बाळा. लाल स्विचवर सराव केला की बोट चुकून टेकलं तरी अक्षर उमटतं, आणि परीक्षेत चुका मोजल्या जातात. तिघांच्या खोलीत ब्लूचा आग्रह मी धरत नाही. परीक्षेला रेमिंग्टन (जुन्या टंकयंत्राची मांडणी) आहे की इनस्क्रिप्ट, ते आधी अर्जाच्या सूचनेत वाच आणि त्याचाच सराव कर. आणि बहुतेक केंद्रांवर साधा मेम्ब्रेनच असतो. शेवटचा आठवडा कॉलेजच्या लॅबमधल्या कीबोर्डवर बस, नाहीतर तिथे बोटं जड पडतील.

झटपट

परीक्षेपुरतं इनस्क्रिप्ट ठीक. प्रमाणपत्र हातात आल्यावर फोनेटिकवरच येशील.

टंकताई

आला तर इथे येऊन सांगायचं, वेगासकट.