मीटिंगमध्ये माझं त-त-प-प होतं, कुणी यातून बाहेर आलंय का?

मायक्रॉन

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. मी मूळची औशाची, लातूर जिल्हा, आधी डिप्लोमा मग बीई मेकॅनिकल, आणि गेली तीन वर्षं चाकणला एका मशिनिंगच्या कंपनीत क्वालिटीला आहे. काम येतं मला. स्वतःच्या तोंडाने सांगायचं नाही पण लाइनवरचे सेटरसुद्धा गेजचं काही अडलं की मलाच हाक मारतात. मीटिंगमध्ये तोंड उघडायची वेळ आली की मात्र संपलं.

गेल्या महिन्यातलंच सांगते. कस्टमरकडे आमचे 14 हाउसिंग रिजेक्ट झाले, बोअर ओव्हरसाइज, म्हणजे पार्टमधलं भोक मापापेक्षा मोठं. टीम्सवर कॉल लागला आणि साहेबांनी ऐनवेळी सांगितलं की हे हिनेच बघितलंय, हीच सांगेल. मला सगळं माहीत होतं हो, सेकंड शिफ्टला इन्सर्ट (मशीनचं कापायचं पातं) बदलला, ऑफसेट (नव्या पात्यासाठी मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) द्यायचा राहिला, आणि तपासणी होईपर्यंत 14 पीस पुढे निघून गेले. एवढंच सांगायचं होतं. मी सुरू केलं "ॲक्चुअली सर" आणि मग सेकंड शिफ्टला कोण होतं, त्या दिवशी लाइट कशी गेली होती, एअर गेजचा मास्टर कॅलिब्रेशनला कसा गेला होता हे सगळं रामायण लावलं, मधेच शब्द सापडेना, हात गार, कॉलवर शांतता. पलीकडून आवाज आला "सो, व्हॉट इज द रूट कॉज?" आणि आमच्या साहेबांनी दोन वाक्यांत सांगून टाकलं. ती दोन वाक्यं सकाळी मीच त्यांना सांगितली होती!!

नुसतं इंग्रजीचं असतं तर एक वेळ समजलं असतं, पण मराठीत पण तेच. पहिल्या वर्षी कँटीनमध्ये मी कुणाला तरी "काय करायलात" विचारलं तर अख्खं टेबल हसलं, पुढे महिनाभर जो तो मला करायलात करायलात. चेष्टाच होती, मनात काही नव्हतं कुणाच्या, पण तेव्हापासून बोलायच्या आधी वाक्य मनातल्या मनात तपासायची सवय लागली आणि माझं तपासून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. अप्रेझलमध्ये कम्युनिकेशनपुढे लागोपाठ दोन वर्षं "इम्प्रूव्हमेंट रिक्वायर्ड". एक क्लास लावला होता 8 हजार भरून, तिथे "माझा आवडता सण" वर इंग्रजीत बोलायला लावायचे, सोडला.

कुणी स्वतः करून बघितलेलं असेल तर सांगा प्लीज. इंग्रजी पेपर वाचा असं सांगू नका, वाचते.

चहा_खारी

आरशासमोर उभं राहून बोला 😀 सॉरी, राहवलं नाही, मला आजवर पंधरा जणांनी हाच सल्ला दिलाय. मी केलं पण होतं आठवडाभर. एवढंच कळलं की माझा डावा दात पुढे आहे.

सीरियसली सांगायचं तर मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा. मी सहा वर्षं लोन विकायचे फोन करायचो, रोज दीडशे कॉल, तिथे टीम लीडर आठवड्यातून एकदा आपलाच कॉल आपल्याला ऐकवायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जमिनीने गिळून घ्यावं असं झालं. मी प्रत्येक वाक्याच्या शेवटी "राइट?" म्हणायचो, मला पत्ताच नव्हता! लोक कशाला वैतागून फोन ठेवायचे ते त्या दिवशी कळलं. तर आज लाइनवर जे काय झालं ते दोन मिनिटांत फोनला सांगा आणि लगेच ऐकू नका, रात्री जेवण झाल्यावर ऐका, तोवर आवाज जरा परका होतो. "ॲक्चुअली" किती वेळा येतं तेवढंच मोजा, बाकी काही सुधारायला जाऊ नका. नुसतं मोजत राहिलं तरी कमी होतं. आणि रेकॉर्डिंग डिलीट करा हो, माझं बायकोला सापडलं होतं.

जुना_ऑडिटर

मी अशा कॉलच्या पलीकडच्या बाजूला बरीच वर्षं बसलेलो आहे, सप्लायर क्वालिटीला, म्हणून तिकडून काय दिसतं ते सांगतो. तुमचं इंग्रजी आम्ही ऐकत नसतो. समोर वही असते आणि डोक्यात तीनच प्रश्न असतात, नेमकं काय झालं, माझी लाइन थांबणार आहे का, आणि का झालं. पहिल्या अर्ध्या मिनिटात पहिल्या दोघांचं उत्तर आलं नाही तर माणूस अस्वस्थ होतो आणि मधे तोंड घालतो. तुम्हाला वाटतं तो आपल्या बोलण्याला वैतागला, तो बिचारा त्याच्या लाइनच्या काळजीत असतो.

तुमची गंमत अशी आहे की बोलायचा साचा तुमच्याकडे आयता पडलाय आणि तुम्ही तो फक्त एक्सेल भरायला वापरता. 8डी, आठ पायऱ्यांचा रिपोर्ट. फोर्डवाल्यांनी 1987 साली ही पद्धत लिहून काढली ती टीमने प्रॉब्लेम सोडवायला, पण तिचा क्रम बोलायलाही चालतो. डी2 म्हणजे प्रॉब्लेम काय, डी3 म्हणजे आत्ता लगेच काय आवरलं, डी4 म्हणजे कारण. तोंडाने याच क्रमाने जायचं. "14 पीसमध्ये बोअर वरच्या लिमिटच्या बाहेर आहे. तुमच्याकडचा, वाटेतला आणि आमच्याकडचा सगळा स्टॉक सॉर्ट केलाय, तुमच्या लाइनला सॉर्ट केलेलाच माल जातोय. इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट दिला गेला नाही." संपलं, गप्प बसायचं. लाइट गेली होती, मास्टर बाहेर होता, हे विचारलं तरच.

आपण घरी गोष्ट सांगतो ती सुरुवातीपासून सांगतो. सकाळी निघालो, मग पाऊस लागला, मग पंक्चर, मग शेवटी "म्हणून उशीर झाला". गप्पांना ते छानच आहे, शेवट हातचा राखून ठेवण्यातच मजा असते. कॉलवर मात्र शेवट आधी सांगायचा. पाचेक वर्षं नोकरी झाल्यावर मला हे कुणीतरी सांगितलं, तोपर्यंत मी पण पंक्चरपासूनच सुरुवात करायचो.

जाता जाता, वाईट वाटून घेऊ नका, ऑफसेट द्यायचा राहिला हे रूट कॉज नव्हे. इन्सर्ट बदलल्यानंतरचा पहिला पीस तपासल्याशिवाय मशीन पुढे चाललंच कसं, तिथे खणा. मी असतो तर हेच विचारलं असतं आणि तुमचे साहेबसुद्धा अडकले असते.

रागीट_पोपट

सगळे हिलाच सुधारायला निघालेत. अहो, तिच्या साहेबाने ऐनवेळी तिला पुढे ढकललं, अडकल्यावर तिचंच उत्तर स्वतःचं म्हणून खपवलं, यावर कुणी बोलणार की नाही? माझ्या आधीच्या ऑफिसात हे रोजचं होतं. मी एक वाक्य पाठ केलं, "सर, माझं एक मिनिट होऊ दे, मग तुम्ही ॲड करा." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आवाज कापत होता, पण म्हणाले.

चहा_खारी

@रागीट_पोपट पटतंय, पण चाकणच्या प्लांटमध्ये कस्टमरसमोर साहेबाला असं म्हणायचं म्हणजे अप्रेझलचा आणखी एक रकाना लाल 😅

रागीट_पोपट

मग कॉलच्या आधी केबिनमध्ये जाऊन सांगायचं ना, एकटे असताना. "सर, मी अडकले तर पाच सेकंद थांबा, मी सांगते." बरेच साहेब ऐकतात. त्यांनाही कुणी कधी सांगितलेलं नसतं.

सिंहगड_रोड

टोस्टमास्टर्स कुणी लिहिलं नाही अजून? आश्चर्य आहे. 1924 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात सुरू झालेला, चारचौघांत बोलायचा सराव करायच्या क्लबांचा प्रकार आहे, पुण्यात बरेच क्लब चालतात, काही आयटी कंपन्यांच्या आतच, काही बाहेरच्यांसाठी खुले. पाहुणा म्हणून जायला पैसे लागत नाहीत, मेंबर झालात तर सहा-सहा महिन्यांची फी असते. तिथे शिक्षक नसतो, आपणच एकमेकांचं ऐकायचं आणि एकमेकांना सांगायचं. तुमच्या कामाचा भाग म्हणजे टेबल टॉपिक्स. विषय तिथल्या तिथे देतात आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं, समोर टायमर हिरवं, पिवळं, लाल कार्ड दाखवत बसलेला. आणखी एक जण फक्त तुमचे "अं", "सो", "यू नो" मोजतो आणि शेवटी सगळ्यांसमोर आकडा वाचून दाखवतो. माझे पहिल्या दिवशी 17 निघाले होते. लाजलो, पण खोलीतल्या प्रत्येकाचाच आकडा वाचला जातो म्हटल्यावर लाज तरी किती वेळ टिकणार.

तक्रार पण सांगतो. टाळ्या उगाच फार वाजवतात, दर दोन मिनिटांनी. आणि काही लोक तिथे जाऊन जाऊन भाषणबाज होतात, ऑफिसात साधं "मेल पाठवला" सांगतानाही हातवारे. तेवढं सांभाळा.

वीणेकरी

माझे आजोबा कीर्तनकार होते, आमचं गाव पंढरपूरच्या बाजूला. आयुष्यभर कीर्तन केलं तरी उभं राहायच्या आधी त्यांचे हात गार पडायचे, हे मी स्वतः हातात हात घेऊन बघितलंय. मी विचारलं होतं भीती वाटते का, तर म्हणाले वाटते की, म्हणून तर आधी अभंग असतो. अभंग पाठ असतो, तो म्हणताना डोकं चालवावं लागत नाही, तेवढ्यात आवाज बसतो, माणसं दिसायला लागतात, टाळकरी साथ धरतात. मग निरूपण.

मी आता बँकेत आहे, रीजनल मीटिंगला तेच करतो. पहिलं वाक्य, फक्त पहिलं, कागदावर लिहून घोकून घोकून पाठ. पुढचं कधीच पाठ करत नाही, केलं की एक शब्द निसटला तरी सगळं कोसळतं.

आणि ताई, "करायलात"चं मनावर घेऊ नका. आमच्याकडे पण हसले होते मला. हसणाऱ्यांपैकी एकाची सासुरवाडी आता उदगीरची आहे 😄

मायक्रॉन

तीन आठवडे झाले, म्हटलं सांगावं. एवढ्या जणांनी लिहिलं, रात्री वाचताना खरंच रडू आलं होतं.

रेकॉर्डिंग केलं. दोन मिनिटांत "ॲक्चुअली" 9 वेळा आणि "म्हणजे" तर मोजायचंच सोडून दिलं. परवा 4 वर आलंय. सकाळी लाइनजवळ उभ्याउभ्या दहा मिनिटांची मीटिंग असते, तिथे कालच्या रिजेक्शनचा आकडा मी सांगते म्हणून स्वतःहून मागून घेतलं. मराठीतच. आकडा आधी, मग मशीन, मग काय केलं. तिसऱ्या दिवशी अडकले, मागचं एक जण खुसखुसलं, पण आकडा सांगून झाला होता त्यामुळे फार काही बिघडलं नाही.

साहेबांना केबिनमध्ये जाऊन सांगितलं. आठ दिवस धीर होत नव्हता. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि मोबाइल बघत बसले, मला वाटलं गेलं हे. पण काल कस्टमरचा कॉल होता आणि त्यांनी खरंच माइक म्यूट करून ठेवला! पहिलं वाक्य पाठ होतं, पुढची दोन जशी आली तशी बोलले, "हॅज बीन सॉर्टेड"च्या जागी "इज बीन सॉर्टिंग" असं काहीतरी गेलं तोंडातून. आणि थांबले. पलीकडे शांतता. दहा एक सेकंद. माझं परत पाणी पाणी, वाटलं काहीतरी चुकलं, म्हणून विचारलं, सर ॲम आय ऑडिबल? तर म्हणाले, "येस येस, आय ॲम रायटिंग."

@जुना_ऑडिटर, पहिल्या पीसचं त्यांनी विचारलंच! आता इन्सर्ट बदलला की पहिला पीस ओके झाल्याशिवाय सायकल स्टार्ट करायची नाही असं कंट्रोल प्लॅनमध्ये टाकतोय, सेटर लोक माझ्यावर चिडलेत.

@सिंहगड_रोड, तुमचा क्लब कुठल्या वारी असतो? मला गुरुवारी सुट्टी असते, चाकणचं तुम्हाला माहितीच आहे.

सिंहगड_रोड

आमचा शनिवारी संध्याकाळी, आणि चाकणहून इकडे यायचं म्हणजे टायमरचं लाल कार्ड तुम्हाला नाशिक फाट्यालाच दिसेल. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला बघा, तिकडे पण आहेत. त्यांच्या साइटवर शहर टाकलं की यादी येते, वार-वेळ तिथेच दिलेली असते. गुरुवारचा मिळतोय का बघतो मी पण.