केबिन क्रूचा लेओव्हर भत्ता: करमुक्त किती, करपात्र किती?

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. धाकटी बहीण केबिन क्रू आहे. बेस (ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर) बेंगळुरू, घर बेळगावात. पगारपत्रकात मूळ पगाराशिवाय तासावर मिळणारा फ्लाइंग अलाउन्स आणि लेओव्हरचा (उड्डाणांच्या मध्ये बेसबाहेर मुक्काम पडतो त्याचा) दैनिक भत्ता येतो. २०२५-२६ चा टीडीएस नव्या कर पद्धतीने कापलाय. कोणी म्हणतं भत्त्यातला ७० टक्के भाग माफ, कोणी म्हणतं आता काहीच माफ नाही. नेमकं काय? आणि बेळगावला येण्याजाण्याचा खर्च धरता येतो का?

सांब्रा_रनवे
७० टक्क्यांचा नियम आहे, पण बहिणीला तो लागू होईल असं दिसत नाही. २०२५-२६ ला लागू असलेल्या आयकर कायद्याच्या कलम १०(१४) आणि नियम २ बीबीनुसार वाहतूक व्यवसायातल्या कर्मचाऱ्याला धावत्या ड्यूटीवरच्या वैयक्तिक खर्चासाठी भत्ता मिळत असेल, तर त्याचे ७० टक्के किंवा महिना १०,००० रुपये, यांपैकी कमी रक्कम माफ. भत्ता १२,००० असेल तर ८,४०० माफ. २०,००० असेल तर १४,००० नव्हे, १०,०००च. बिलं लागत नाहीत. पण ही सूट फक्त जुन्या पद्धतीत आहे, आणि दैनिक भत्ता मिळणाऱ्याला ती नाही. लोक ही दुसरी अट वाचतच नाहीत. सांब्र्याच्या (बेळगाव विमानतळाच्या) ग्राउंड स्टाफलाही ती मिळत नाही, कारण त्यांची ड्यूटी विमानाबरोबर फिरत नाही.

खानापूर_हिशेब
वरचं बरोबर आहे. पण नव्या पद्धतीत काहीच माफ नाही, हेही खरं नाही. नेहमीच्या कामाच्या ठिकाणापासून दूर असताना रोजच्या खर्चासाठी मिळणारा भत्ता दोन्ही पद्धतींत माफ आहे, मात्र प्रत्यक्ष खर्च झाला तेवढाच. ३,००० मिळाले आणि १,८०० खर्च झाले, तर १,२०० करपात्र. हॉटेल आणि नाश्ता कंपनीने दिला असेल तर तो तुमचा खर्च नव्हे. महिन्याचा रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक), जेवणाची आणि टॅक्सीची बिलं, कार्डाचं स्टेटमेंट एकत्र ठेवा. रोस्टरवर लेओव्हर दिसत नसेल तर नुसती बिलं टिकत नाहीत.

तासावरचा फ्लाइंग अलाउन्स हा कामाचा मोबदला. नाव अलाउन्स असलं तरी पूर्ण करपात्र.

बेळगाव-बेंगळुरू प्रवास खासगी धरला जातो. कामाचं ठिकाण म्हणजे बेस, त्यामुळे राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचं तिकीट असो की विमानाचं, वजावट नाही. कंपनीने फुकट किंवा सवलतीत तिकीट दिलं तर त्याचं मूल्य मात्र पगारात धरत नाहीत. विमान कंपन्या आणि रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना त्यातून वगळलंय.

टिळकवाडीकर
फॉर्म १६ मध्ये लेओव्हर भत्ता पूर्ण करपात्र दाखवलाय. रिटर्नमध्ये आपणच वजा करायचा का?

खानापूर_हिशेब
आधी पेरोलला रोस्टर आणि बिलं देऊन फॉर्म १६ दुरुस्त करून मागा. नाही झालं तर रिटर्नच्या पगार विभागात करमुक्त भत्त्यांखाली कलम १०(१४)(i) निवडून खर्चाएवढीच रक्कम भरा. फॉर्म १६ शी आकडा जुळला नाही तर आयकर खात्याकडून कलम १४३(१)(अ)ची विचारणा येऊ शकते. उत्तराला ३० दिवस मिळतात, म्हणून कागद आधीच स्कॅन करून ठेवा. अंदाजाने आकडा अजिबात टाकू नका.

सांब्रा_रनवे
आणि केवळ भत्त्यासाठी जुन्या पद्धतीत उडी मारू नका. २०२५-२६ मध्ये नव्या पद्धतीत ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाखांपर्यंतच्या पगारावर कर शून्य होतो. बेंगळुरूचं मोठं भाडं, गृहकर्ज, ८० सी (पीएफ, विमा अशा गुंतवणुकीची वजावट) असं बरंच एकत्र असेल तरच दोन्ही हिशेब करून बघा. भाड्याच्या सवलतीत (एचआरए) बेंगळुरूला २०२५-२६ साठी मूळ पगाराच्या ५० नाही, ४० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर घरमालकाचा पॅन लागतो. जुनी पद्धत घ्यायची तर रिटर्न मुदतीतच भरा, नंतर तो पर्याय बंद होतो.